कामठा घडविणारे हात

मराठी घरांतील देवघरात रामपंचायतनाची एखादी तसबीर बहुधा असतेच. रामाच्या खांद्यावरचे धनुष्य आपण अजाण वयापासून पाहत आलो आहोत. शिवाचे पिनाक, विष्णूचे शार्ङ्ग, अर्जुनाचे गांडीव ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु धनुष्य घडते कसे, कोणत्या झाडापासून, किती दिवसांत आणि कोणत्या हत्यारांनी, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुश्रुत माणसेही क्षणभर थबकतील. एकलव्याची कथा सांगताना आपण त्याच्या अंगठ्यापर्यंत येऊन थांबतो. त्याच्या हातातले धनुष्य कोणी आणि कशाचे घडविले असेल, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही.

ते घडविणारे हात आपल्यापासून फार दूर नाहीत. आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात, गोंड, कोलाम आणि नायकपोड यांच्या वस्त्यांत, वेळूचा किंवा लाकडाचा तिरकमठा हाताने घडविणारी माणसे अजून आढळतात. ती आता थोडी उरली आहेत आणि त्यांतील बहुतेक वृद्ध आहेत. गेल्या हिवाळ्यात आमच्या सरकारी शाळेच्या पडवीत अशा एका कोलाम वृद्धाने मुलांसमोर धनुष्य घडविले. त्या सहा दिवसांत आम्ही जे पाहिले आणि त्या निमित्ताने जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो वाचकांसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नावांमागचा इतिहास

आपल्या भाषेत या आयुधाला नावे पुष्कळ आहेत. धनुष्य आणि चाप हे शब्द संस्कृतातून आले. कमान हा शब्द फारसीने दिला. खेड्यापाड्यांतील मराठी माणूस मात्र 'कामठा' म्हणतो आणि बाणासह सगळ्या साजाला 'तिरकमठा' म्हणतो. मुलांच्या खेळण्यातल्या धनुष्याला 'धनुकली' हे गोड नाव आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. ताडाचे ते कार्मुक, चापाचे ते कोदंड, लाकडाचे ते द्रूण आणि शिंगाचे ते धनुष. येथे चाप म्हणजे वेळूची एक जात, असा अर्थ टीकाकारांनी लावला आहे. म्हणजे कौटिल्याच्या हिशेबाने कोदंड हे वेळूचे धनुष्य ठरते. आपल्या देवघरातील कोदंडधारी राम आणि आदिलाबादच्या रानातील कोलाम यांच्या हातांतील वस्तू एकाच कुळातली आहे, हे ध्यानात आले म्हणजे तसबिरीकडे पाहण्याची आपली नजर थोडी बदलते.

त्याच ठिकाणी कौटिल्याने प्रत्यंचेची द्रव्येही दिली आहेत. मूर्वा, रुई, ताग यांच्या वाखांबरोबर आणि जनावरांच्या स्नायूंबरोबर त्याने वेळूचाही उल्लेख केला आहे. वेळूच्या धनुष्याला वेळूच्याच सालीची दोरी लावण्याची ही रीत मध्य भारतातील भिल्ल आणि गोंड यांच्यात आमच्या काळापर्यंत चालत आली आहे. ग्रंथ विस्मृतीत जातात, पुन्हा सापडतात आणि छापले जातात. या माणसांनी ग्रंथ न वाचताच ती रीत हातात जपली.

परदेशी लेखकांच्या नोंदीही याला दुजोरा देतात. इराणच्या बादशहाने इसवी सनापूर्वी ४८० मध्ये ग्रीसवर स्वारी केली. त्या सैन्यातील हिंदी शिपायांच्या अंगावर सुती वस्त्रे होती आणि हातात वेळूची धनुष्ये व लोखंडी टोकांचे वेळूचेच बाण होते, असे हिरोडोटस लिहितो. शिकंदराच्या नौदलाचा अधिकारी निआर्कस याच्या आधाराने एरियन सांगतो की, हिंदी पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असे, आणि ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढले जाई.

आता लाकडाविषयी. धामण नावाचा एक वृक्ष आपल्या पानगळीच्या रानांत सर्वत्र आढळतो. (धामण म्हटल्यावर वाचकांना साप आठवेल; पण हा वृक्ष निराळा.) याचे लाकूड चिवट आणि लवचीक असते. म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, कावडीचे दांडके आणि गाड्यांचे भाग त्याचे करीत. संस्कृत कोशांत या झाडाला 'धन्वन' म्हटले आहे आणि आपला 'धामण' शब्द त्यावरूनच आला आहे. ज्या झाडाच्या नावातच धनुष्य दडले आहे, त्याचा उपयोग पूर्वजांनी कशासाठी केला असेल, हे निराळे सांगावयास नको.

हा मुलूख आणि ही माणसे

तेलंगणात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांना आदिलाबादचे मराठीशी असलेले नाते ठाऊकच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सीमा अनेकदा हलल्या, परंतु डोंगरातल्या परधानांच्या तोंडची मराठी हलली नाही. गोंड आणि कोलाम यांची मातृभाषा वेगळी असली, तरी बाजारात आणि पाहुण्यांशी बोलताना तेही मराठीचा आधार घेतात.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आजही अश्विन पौर्णिमेला तेथे त्यांचे स्मरण होते. या उठावानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या दुःखाची चौकशी करण्याची गरज भासली आणि ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मुलखात आले. मार्लवाई गावी त्यांनी मुक्काम केला. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपाठे देवनागरी लिपीत छापली गेली. थोडेबहुत मराठी जाणणारे गोंड तरुण त्या केंद्राचे पहिले विद्यार्थी होते. आमच्यासारख्या मराठी शिक्षकाला या घटनेचे अगत्य वाटावे, हे स्वाभाविक आहे. मुलाच्या घरात जे आहे तेथून शिक्षणाची सुरुवात करावी, हा विचार या मुलखात इतक्या पूर्वी अमलात आला होता.

वेळूची निवड

आमच्या पडवीत आलेल्या वृद्धाला मुले 'आजोबा' म्हणू लागली. आम्हीही तेच म्हणू. कोलाम लोक टोपल्या, सुपे, तट्टे विणण्यात निष्णात असतात, त्यामुळे वेळूची पारख आजोबांच्या हाडीमासी मुरलेली होती. त्यांनी सोबत आणलेला वेळू आमच्या भागातला मानवेल जातीचा, जवळजवळ भरीव असा होता. कोवळा वेळू वाळताना आकसतो आणि फार जून झालेला ठिसूळ होतो, म्हणून तीन-चार वर्षांचा निवडायचा. पावसाळ्यात तोडायचा नाही. त्या दिवसांत त्यात रस आणि पिठूळ अंश अधिक असतो व भुंगा लवकर लागतो. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडून, सावलीत उभा वाळवायचा. उन्हात वाळविला तर तडकतो.

लाकडाच्या धनुष्यालाही हाच न्याय लागतो. फळी करवतीने न कापता कुऱ्हाडीने आणि पाचरीने फोडायची. करवत सरळ रेषेत जाते, पण लाकडाचे तंतू तसे सरळ नसतात. करवतीने तुटलेल्या तंतूपाशीच पुढे धनुष्य मोडते. फोडलेली फळी तंतूंच्या वळणाने फुटते, म्हणून ती वाकडी दिसली तरी बळकट असते.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. ओढणाऱ्याच्या विरुद्ध बाजूस असते ती पाठ, त्याच्याकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. एकाच काठीने एकाच वेळी ताण आणि दाब सोसायचे असतात. म्हणून लाकडी धनुष्याच्या पाठीवरचा एकही तंतू कापू नये, असा जगभरच्या कारागिरांचा दंडक आहे.

घडण

आजोबांची हत्यारे मोजकी होती: एक कुऱ्हाड, एक कोयता, एक जुनी कानस आणि फुटक्या बाटलीच्या काचेचा तुकडा. मोजपट्टी नव्हती. धनुष्याची लांबी ठरवायची ती ज्याच्यासाठी करायचे त्याला शेजारी उभे करून. मोठ्या माणसाला जमिनीपासून खांद्यापर्यंत आणि मुलाला त्याच्या बेताने.

पहिल्या दिवशी वेळू उभा चिरला आणि त्याची कामटी कोयत्याने रुंदीला सारखी केली. मधोमध मुठीची जागा राखली. ती जाड ठेवायची, तेथे वाकू द्यायचे नाही. दोन्ही बाजूंच्या भुजा टोकांकडे निमुळत्या केल्या. जेथे कामटी वळलेली होती, तेथे निखाऱ्यांवर धरून, फडक्याने पकडून, हळूहळू सरळ केली. ज्वाळेवर धरली तर वेळू करपतो. निखाऱ्याची धग हवी.

खरे काम त्यानंतरचे. कामटीचे एक टोक जमिनीवर टेकवायचे, मुठीवर हात ठेवून दाबायचे आणि भुजा कशी वाकते ते पाहायचे. मग दुसरी भुजा. मग सैल दोरी लावून थोडेसे ओढायचे, पुन्हा पाहायचे. जेथे बाक येत नाही, तेथे काचेने पोटाकडून दोन-चार वेळा खरवडायचे. पुन्हा दाबायचे आणि पुन्हा पाहायचे. पाच मिनिटे खरवडणे आणि पंधरा मिनिटे पाहणे, असा हा क्रम तीन दिवस चालला. मध्येच आजोबा कामठा बाजूला ठेवून विडी ओढायला पडवीबाहेर जात. मुलांना वाटे, काम थांबले. ते म्हणत, "त्यालेही इसावा पाहिजे."

एका मुलाने विचारले, "आजोबा, हा भाग जास्त वाकतो, तो नीट कसा करायचा?" आजोबा म्हणाले, "त्याले हातच नाही लावायचा. बाकीचं त्याच्या बरोबरीले आणायचं. जिथं ताठ हाय, तिथूनच घ्यायचं."

या कलेचा सारा मर्म या उत्तरात आहे. लाकूड काढता येते, परत लावता येत नाही. दुबळ्या जागेचा दुबळेपणा दूर करता येत नाही. ताठ जागा मऊ करून भार सर्वत्र सारखा वाटून द्यायचा, एवढेच कारागिराच्या हातात असते. धनुष्य मोडते ते सर्वांत दुबळ्या जागी मोडते, पण त्याचे कारण बहुधा शेजारची ताठ जागा असते. ती आपला वाटा उचलत नाही, म्हणून सगळा बाक एकाच ठिकाणी येतो.

आमच्या गणिताच्या शिक्षकांनी याच गोष्टीचा हिशेब फळ्यावर मांडला. पट्टीचा ताठरपणा रुंदीच्या प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठरपणा दहाच टक्क्यांनी घटतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर तो सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. दहा मिलिमीटर जाडीच्या कामटीतून एक मिलिमीटर निघाला की पावपेक्षा अधिक जोर गेला! आजोबा शेवटी-शेवटी कोयता खाली ठेवून काच का हातात घेतात, ते मुलांना तेव्हा उमगले. घन म्हणजे काय, हे आम्ही अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. परंतु घनाची धास्ती मुलांच्या चेहऱ्यावर आम्ही प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलाने स्वतःची कामटी घाईने दुबळ्या जागीच खरवडली आणि ती काडकन् मोडली. मुले हसली. आजोबा हसले नाहीत. त्यांनी ते तुकडे उचलले, त्यांच्या चिरफळ्या केल्या आणि त्याच मुलाला त्यांतून बाणांच्या काड्या तासायला बसविले.

दोरी आणि बाण

दोरीसाठी आजोबांनी वेळूच्या वरच्या सालीची एक लांब, पातळ पट्टी काढली, ती काचेने गुळगुळीत केली आणि दोन्ही टोकांना वाखाच्या दोरीचे फास बांधले. कापसाची दोरी पावसात फुगते आणि ताणली की सैल पडते. ही पट्टी ताणत नाही, म्हणून भुजांचा जोर वाया न जाता बाणाकडे जातो. दोरी चढविल्यावर मूठ आणि दोरी यांमध्ये अंगठा उभा केलेल्या मुठीएवढे अंतर असावे, हे माप आजोबांनी दाखविले. इंग्लंडातील जुने तिरंदाजही हेच माप वापरीत. हजारो मैलांवरच्या दोन माणसांना, एकमेकांची वार्ताही नसताना, एकच माप सापडले. कारण दोघांच्याही हातांची ठेवण एकच आहे.

बाणाची काडी निखाऱ्यावर शेकून, डोळ्यासमोर धरून, पेरापेराने सरळ करतात. सर्व काड्या सारख्या जाडीच्या आणि सारख्या ताठ असाव्या लागतात. धनुष्य उत्तम असून बाण विजोड असले, तर नेम लागत नाही. मागच्या टोकाला पिसे बांधतात, त्यामुळे बाण उडताना सरळ राहतो. मुलांच्या बाणांना आजोबांनी लोखंडी पाती न लावता बोथट लाकडी बोंडे ठेवली.

दोन नियम त्यांनी मुलांकडून पुन्हापुन्हा वदवून घेतले. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कारण मग सगळा जोर कामठ्यालाच सोसावा लागतो आणि तो फुटतो. आणि काम संपले की दोरी उतरवून ठेवायची. सदैव चढविलेला कामठा हळूहळू बाकातच मुरतो आणि त्याचा जोर जातो.

आमच्या विज्ञानाच्या शिक्षिकांनी प्रयोगशाळेतील स्प्रिंगचा काटा आणून दोरीला अडकविला. पाच-पाच सेंटिमीटर ओढून प्रत्येक वेळी किती जोर लागतो, ते मुलांनी वहीत लिहिले आणि आलेख काढला. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे कामठ्यात साठलेली ऊर्जा, हे त्यांना पुस्तकाविना समजले.

एका बापाचा प्रश्न

पाचव्या दिवशी एक पालक आम्हांला भेटायला आले. कोलाम गृहस्थ, मजुरी करणारे. मुलगा आमच्याकडे आठवीत. ते पडवीबाहेरच उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "सर, पोराले म्या शिकायले धाडलं. तिरकमठा त त्याले घरीच भेटला असता."

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. त्या माणसाचे म्हणणे रास्त होते. ज्या समाजाला शतकानुशतके 'रानटी' म्हणून हिणविले गेले, त्या समाजातील बाप आपल्या मुलाच्या हातात पाटी पाहू इच्छितो. शाळेत गेल्यावरही गुरुजींनी त्याच्या हातात पुन्हा तिरकमठाच दिला, तर त्याला शंका येणारच. शहरी मुलांना संगणक आणि आदिवासी मुलांना वेळू, अशी वाटणी कोणी करू लागला तर तो अन्यायच होईल.

आम्ही काही बोलण्यापूर्वी आजोबाच बोलले. काम न थांबविता, मान वर न करता त्यांनी विचारले, "घरी? तुह्या घरी हाय का एक तरी?"

तो पालक काही बोलला नाही. बराच वेळ उभा राहिला आणि मग पडवीच्या कडेला बसून आजोबांचे हात पाहू लागला. संध्याकाळी जाताना त्याने मुलाचा अर्धवट घडलेला कामठा हातात घेऊन, जमिनीवर टेकवून दाबून पाहिला. "इथं ताठ हाय," एवढेच तो मुलाला म्हणाला.

आमच्या मते या प्रसंगात सगळा प्रश्न सामावलेला आहे. घरी मिळेल म्हणून शाळा शिकवीत नाही, आणि शाळेत जायचे म्हणून घर शिकवीत नाही. दोहोंच्या मध्ये विद्या गळून पडते, आणि एक पिढी गेली की ती कोणाकडेच राहत नाही.

शिकार गेली; आता पुढे काय?

ही विद्या ओसरण्याचे मुख्य कारण उघड आहे. कामठा शिकारीसाठी होता आणि शिकार आता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली. त्या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्र घेऊन जाता येत नाही. आमच्या भागातील कव्वाल अभयारण्य १९६५ सालचे. २०१२ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. वाघ, हरणे, मोर वाचलेच पाहिजेत. याविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही, आणि आजोबांच्याही नव्हती. कायदा मोडून ही विद्या जगावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु एखाद्या वस्तूचा एक उपयोग संपला म्हणून ती घडविण्याचे ज्ञानही संपू द्यावे काय?

याच जिल्ह्यातील दुसऱ्या कलांकडे पाहावे. निर्मळची लाकडी खेळणी पोणकीच्या हलक्या लाकडाची होतात. त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आणि देशभर बाजारपेठ मिळाली. ओझा कारागिरांच्या डोकरा ओतकामाला २०१८ मध्ये तसेच मानांकन लाभले. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या दंडारीतील गुस्साडी नृत्य जपणारे मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. २०२४ मध्ये ते निवर्तले, पण त्यांनी शिकविलेली तरुण मुले आज नाचत आहेत. खेळण्याला ग्राहक आहे, ओतकामाला दिवाणखाना आहे, नृत्याला रंगमंच आहे. कामठ्याला यांपैकी काहीच नाही.

पण त्याला मैदान आहे. भारतीय धनुर्विद्या संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि आपल्या देशातील स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा एक प्रकार आहे. त्यात वेळूच्या वा लाकडाच्या साध्या धनुष्याने ५० आणि ३० मीटरवर नेम धरतात. परदेशी बनावटीचे आधुनिक धनुष्य आणि त्याचा सरंजाम लाखाच्या घरात जातो. गरीब मुलाला नेमबाजीच्या अंगणात पाऊल टाकायला हा देशी प्रकारच परवडतो. राजस्थानचे लिंबाराम लहानपणी वेळूच्या धनुष्यावरच नेम धरीत. पुढे ते १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत देशातर्फे खेळले आणि २०१२ मध्ये पद्मश्रीचे मानकरी झाले. आपल्या महाराष्ट्रातील साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिन येथे जगज्जेते झाले, तेव्हा मराठी माणसाचा ऊर भरून आला. त्यांची धनुष्ये आधुनिक होती. पण नेम धरणारा डोळा आणि श्वास आवरणारे मन कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

आणखी एक अडसर आता बराच दूर झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूला गौण वनोपज मानले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २०११ मध्ये स्वतःच्या वेळूच्या वाहतुकीचे परवाने मिळाले, आणि तो दिवस देशभर गाजला. म्हणजे ज्या ग्रामसभेला हक्क मिळाला आहे, तेथे कामठ्यासाठी वेळू चोरून आणण्याचे कारण उरत नाही. धामणीसारख्या झाडाची गोष्ट वेगळी. त्याची तोड वनखात्याच्या परवानगीवाचून होऊ नये. शाळेच्या आवारात किंवा बांधावर त्याची रोपे लावणे हाच त्यावर उपाय.

थोडक्यात मागणे

आमच्या शाळेने यंदा एवढेच ठरविले आहे. थंडीच्या दिवसांत आठवडाभर आजोबांना मानधन देऊन बोलवायचे. ज्या मुलामुलींची इच्छा असेल, त्यांनीच शिकायचे. आदिवासी असो वा नसो. आवाराच्या मागच्या बाजूस मातीचा बांध घालून नेमाची जागा केली आहे. शिक्षक हजर असल्यावाचून दोरी चढवायची नाही, बाण बोथटच ठेवायचे, नेम गवताच्या भाऱ्यावरच धरायचा आणि कोणी पुढे असताना बाण सोडायचा नाही, हे नियम भिंतीवर लिहून लावले आहेत. मुलींनी पहिल्याच वर्षी मुलांपेक्षा अधिक कामठे पुरे केले, हे नमूद करण्यात आम्हांला आनंद वाटतो. पाहण्याचा धीर त्यांच्यात अधिक होता.

वाचकांकडे मागणे मोठे नाही. पुष्य अमावास्येला इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची ती यात्रा पाहायला आपल्यापैकी अनेक कुटुंबे जातात. अशा वेळी आसपासच्या गावांत एखादा वृद्ध कामठा करणारा भेटला, तर रंगीत खेळणे मागू नये, खरा कामठा करून मागावा आणि त्याच्या दिवसांच्या मजुरीएवढे मोल द्यावे. मुलांना सोबत न्यावे आणि त्यांना त्या माणसाजवळ तासभर बसू द्यावे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी आपल्या गावात अशी विद्या कोणाकडे आहे, याची वहीत नोंद करावी; ती मुलांकडून करून घेतली तर अधिक उत्तम. आणि खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करताना, ती घडविणाऱ्याच्या कोयत्याला आणि काचेच्या तुकड्यालाही एक फूल वाहावे.

आजोबांनी पूर्ण केलेला कामठा आमच्या कार्यालयात आहे. पाहुणे येतात, तो हातात घेतात आणि दोरी एकाच टोकाला का अडकविली आहे, असे विचारतात. त्याचे उत्तर आता शिपायापासून पाचवीतल्या मुलापर्यंत कोणीही देते: काम नसताना त्याला ताणून ठेवायचे नसते.